मदत हवी आहे: १६ इंची पातळ आरसा, १८ टेकू, तरी तारा चपटाच

रानतारा:

नमस्कार मंडळी. दीड वर्ष घासून, पॉलिश करून एकदाचा माझा दुर्बिणीचा १६ इंची आरसा तयार झाला. काच साधी फ्लोट, २५ मिमी जाडीची. एवढ्या मापाची जाड बोरोसिलिकेट माझ्या खिशाबाहेर होती. फोकल लांबी १८२९ मिमी, म्हणजे एफ/४.५. मधला खड्डा साडेपाच मिमीच्या वर गेलाय, त्यामुळे मधोमध काच जेमतेम १९ मिमी उरली आहे. किराणा दुकानाच्या काट्यावर वजन ७ किलो २०० ग्रॅम भरलं. मुलामा देऊन आणला, ट्रसची डॉब्सन (बंद नळीऐवजी दांड्यांची, साध्या फिरत्या बैठकीवरची दुर्बीण) गेल्या महिन्यात उभी राहिली, आणि तिथून डोकेदुखी सुरू झाली.

मी साताऱ्याजवळ राहतो. संध्याकाळी आठच्या सुमारास रोहिणी जवळपास डोक्यावर येते. ९ मिमीच्या आयपीसमधून (डोळा लावायचं भिंग), म्हणजे २०० पटीला, रोहिणी अगदी नेटकी दिसते. छोटा गोल ठिपका, फोकसच्या अलीकडे-पलीकडे नेला तरी गोलच. जीव हरखला. मग पूर्वेला पुनर्वसूकडे वळलो, तो तेव्हा ४० अंशांच्या आसपास होता. तिथे तारा लांबोळका! फोकसच्या आत नेला की आडवी वात, बाहेर नेला की उभी वात, आणि बरोबर फोकसवर बारीकसं अधिकाचं चिन्ह. दहा वाजता अगस्त्य दक्षिणेला आला. त्याची इथली उंची जेमतेम २० अंश. तिथे तर अधिकाचं चिन्ह चांगलं ठळक. बायकोला दाखवलं तर म्हणाली, "आकाशात बेरजा करतोयस का?"

हा अ‍ॅस्टिग्मॅटिझम आहे एवढं कळतं. चष्म्यात सिलिंडरचा नंबर असतो तसला प्रकार. पण कुठून आला ते कळत नाही. सेल, म्हणजे आरशाची बैठक, मीच बनवलाय: तीन कावडी (आडव्या पट्ट्या), प्रत्येक कावडीच्या दोन टोकांना एकेक त्रिकोणी पत्रा, प्रत्येक त्रिकोणावर तीन टेकू. एकूण १८. आतल्या वर्तुळावर ६, बाहेरच्या वर्तुळावर १२. त्रिकोण ३ मिमी अ‍ॅल्युमिनियमचे, चौकट लोखंडी चौकोनी पाइपची. कडेला आरसा सरकू नये म्हणून १२०-१२० अंशांवर तीन खुंट्या, त्यांतल्या दोन खाली आणि एक बरोबर वर. प्रत्येक खुंटीच्या डोक्यावर आरसा पालथा पडू नये म्हणून क्लिप.

माझा जुना ८ इंची आरसा ३८ मिमी जाड होता. तो बुचाच्या तीन तुकड्यांवर आठ वर्षं बिनतक्रार बसला. इथे १८ टेकू देऊनही रडगाणं. टेकू २७ करू का? की आरसाच वाकडा घासला गेलाय? नव्याने घासायचा विचारही नको वाटतो, म्हणून आधी विचारतो.

तिरपांगडा:

भाऊ, २७ कर आणि मोकळा हो. पातळ काचेला जितके टेकू तितके कमीच.

निशाचरी:

थांबा थांबा. २७ चं मापटं ओतण्याआधी जरा आकडे बघू.

काचेची चकती स्वतःच्या वजनाने किती वाकते हे व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतं आणि जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतं. तुमचा व्यास दुप्पट झाला, म्हणजे १६ पट. जाडी ३८ वरून २५ वर आली, म्हणजे आणखी सुमारे २.३ पट. एकूण ३७ पट. बुचाचे तीन तुकडे इथे चालणार नव्हतेच, आणि १८ चा निर्णय बरोबर होता. पण हे सगळं पाठीवरच्या टेकूंबद्दल झालं. पाठीवर पूर्ण भार कधी येतो? दुर्बीण सरळ वर बघत असते तेव्हा. आणि तेव्हा तर तुमची रोहिणी गोल दिसते! म्हणजे पाठ पास झाली.

दुर्बीण जसजशी झुकते तसा पाठीवरचा भार कमी होऊन कडेवर जातो. अगस्त्याकडे, २० अंशांवर, ७.२ किलोपैकी ६.८ किलो कडेने धरायचे असतात. दुखणं तिकडे वाढतंय, म्हणून मी तर कडेकडेच बघेन. टेकू ५४ केले तरी कडेला काय फरक पडणार?

रानतारा:

अरे हो की! हे डोक्यातच आलं नाही. मी सगळा वेळ त्रिकोणांच्या मापात घालवला, खुंट्या तर शेवटच्या दिवशी घाईत ठोकल्या.

घासकाका:

निशाचरी ताईंचं बरोबर, पण घाई नको. आरोप ठेवण्याआधी चार संशयितांची हजेरी घ्या.

एक, तुमचा डोळा. डोकं ९० अंश फिरवून बघा. अधिकाचं चिन्ह डोक्याबरोबर फिरलं तर चष्मेवाल्याकडे जा. दोन, आयपीस. तो फोकसरमध्येच (आयपीस बसतो ती सरकती नळी) फिरवा. तीन, दुय्यम आरसा, म्हणजे नळीच्या तोंडाशी असलेला छोटा तिरपा आरसा. तो चिकटवताना ताणला गेला असेल तर तोही असलेच उद्योग करतो, पण मग रोहिणीही गोल दिसली नसती. चार, मुख्य आरसा. आरशाच्या पाठीवर मार्करने घड्याळासारखे आकडे लिहा आणि सेलमध्ये आरसा ९० अंश फिरवून ठेवा. सेल जागच्या जागी. त्याच उंचीवरच्या ताऱ्यावर बघा. वातीची दिशा आरशाबरोबर फिरली तर दोष काचेत घासला गेलाय. दिशा नळीला धरून तशीच राहिली तर दोष सेलचा. एवढं करायला एक संध्याकाळ पुरते आणि पुढचे सहा महिने वाचतात.

अगस्त्यावर मात्र ही परीक्षा घेऊ नका. २० अंशांवर हवा ताऱ्याला उकळत्या पाण्यातल्या साबुदाण्यासारखी नाचवते, शिवाय वातावरण रंग फाकवून ताऱ्याला उभा ताणतं. तो ताण फोकसच्या आत-बाहेर नेल्याने दिशा बदलत नाही. तुमची वात बदलते, तेव्हा हवेचा दोष नाही हे कळतंच. तरी पुनर्वसूवरच बघा, तो ४० अंशांवर असतानाच.

रानतारा:

काका, अडचण अशी की आरसा फिरवता येत नाही. सांगायचं राहिलं. नळी झुकली की आरसा घसरेल या भीतीने मी सगळ्या १८ टेकूंवर सिलिकॉनचा एकेक थेंब लावून आरसा चिकटवलाय.

घासकाका:

अहो!!

तरंगता सेल म्हणतात त्याला, आणि तुम्ही त्याला नांगर टाकून ठेवलात.

निशाचरी:

हे म्हणजे आपणच खड्डा खणून "इथे पाणी कसं साचतं?" असं विचारण्यातला प्रकार झाला. रागावू नका.

त्या १८ थेंबांनी काय केलं बघा. तुमच्या त्रिकोणातल्या दोन बाहेरच्या टेकूंमधलं अंतर धरा साधारण ८६ मिमी. दुपारी ३० अंश, रात्री १५. एवढ्यात अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा काचेपेक्षा सुमारे १८ मायक्रॉन जास्त आकसतो. आपल्याला आरशाचा पृष्ठभाग एक दशांश मायक्रॉनच्या आत हवा असतो. सिलिकॉन लवचिक असतं म्हणून निभावतं, पण ओढ लागतेच. त्याहून वाईट म्हणजे दुर्बीण झुकली की आरशाचं वजन खुंट्यांवर जायच्या आधी हे १८ थेंबच त्याला पाठीकडून धरून ठेवतात. वजन गुरुत्वमध्यातून जाणार आणि आधार पाठीच्या पातळीत, म्हणजे काच पुस्तकाच्या पुठ्ठ्यासारखी मुडपणार.

आता खुंट्या. १२० अंशांवर तीन असल्या तर खालच्या दोन बरोबर तळापासून ६०-६० अंशांवर आल्या. भूमितीचं साधं गणित करा: आरसा उभा असेल तेव्हा प्रत्येक खुंटीला अख्ख्या आरशाच्या वजनाएवढी, ७.२ किलोची दाब-प्रतिक्रिया येते, आणि दोन्ही बाजूंनी आरसा ६.२ किलोने आत चेपला जातो. त्याच खुंट्या तळापासून ४५ अंशांवर असत्या तर दाब ५.१ आणि चेपणी ३.६. पापड दोन बोटांत धरतो तशी काच धरली आहे तुम्ही. खुंटी काचेला कुठे लागते? पाठीपासून किती मिमीवर?

रानतारा:

पाठीपासून अंदाजे ५ मिमीवर. नायलॉनचा बोल्ट तिथेच बसत होता.

निशाचरी:

हा आणखी एक पुरावा. तुमच्या आरशाचा गुरुत्वमध्य पाठीपासून ११ मिमीवर येतो (खड्डा वजा करून काढला, सपाट चकती असती तर साडेबारा आला असता). आधार ६ मिमी मागे. त्यामुळे आरशाचा वरचा भाग पुढे झुकायला बघणार, वरची क्लिप त्याला दाबून धरणार, आणि तिथेही काच वाकणार.

फॉगखालचा:

मी सॅन फ्रान्सिस्कोजवळ असतो. जॉन डॉब्सन १९४४ ते १९६७ अशी २३ वर्षं वेदान्त सोसायटीत संन्यासी होता, आधी या शहरात आणि नंतर सॅक्रामेंटोत. मठात राहून जहाजाच्या खिडक्यांच्या काचांचे आरसे घासायचा. तुमच्या दुर्बिणीचं नाव त्याच्यावरूनच. पैसा नव्हता, जाड महाग काच नव्हती, म्हणून पातळ मोठा आरसा आणि त्याला साधा टेकू हा सगळा खटाटोप. त्याच्या पद्धतीत आरशाच्या पाठीला गालिच्याचा तुकडा आणि खालच्या अर्ध्या कडेभोवती पट्ट्याची झोळी असायची. खुंट्या नाहीत. त्याचे आरसे कमी पटीला भन्नाट दिसायचे, पण २०० पटीला तेवढ्यावर भागत नाही.

मी माझ्या १८ इंचीला झोळीच केलीय, पट्ट्याऐवजी तारेची. पट्टा रुंद असल्याने कधी कडेच्या पुढच्या भागाला, कधी मागच्या भागाला धरतो, शिवाय ताणला जातो. तार बरोबर गुरुत्वमध्याच्या रेषेत ठेवता येते. कडेचा खालचा अर्धा भाग, १८० अंश, तारेत बसतो, आणि दोन्ही टोकं सरळ वर जाऊन चौकटीला अडकतात. भार दोन ठिकाणी न पडता अख्ख्या अर्धवर्तुळावर पसरतो. डॉब्सनला तळ कायम तळच असतो म्हणून हे चालतं. विषुववृत्ती माउंटवर (पृथ्वीच्या अक्षाला समांतर अक्षाभोवती फिरणाऱ्या बैठकीवर) चाललं नसतं, तिथे आरसा सगळ्या बाजूंनी लोळतो.

रानतारा:

तार कसली घेऊ? इथे फारसं काही मिळत नाही.

फॉगखालचा:

मोटारसायकलची क्लच वायर. आतली दीड-दोन मिमीची पिळाची स्टीलची तार. सात किलोला पुरून उरते. कडेला लागणाऱ्या भागावर टेफ्लॉनची स्लीव्ह चढवा, इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते. नाहीतर तार काचेला कचकते आणि घर्षणाने अडकून बसते.

घासकाका:

झोळीला माझा पाठिंबा. फक्त तारेची दोन्ही टोकं वरखाली करता यावीत अशी सोय ठेवा. लांब फटीचं छिद्र आणि बोल्ट. नाहीतर कोलिमेशनचे (आरसे एका रेषेत जुळवायचे) बोल्ट फिरवलेत की आरसा पुढेमागे सरकतो, तार जागच्या जागी राहते आणि पुन्हा गुरुत्वमध्य चुकतो. मी हे कष्ट दोनदा काढलेत.

एक विचारू? तुमच्या त्रिकोणाचं छिद्र, ज्यावर तो डोलतो, ते कुठे पाडलंय?

रानतारा:

मधोमध. शिरोबिंदूपासून पायापर्यंतच्या उंचीच्या अर्ध्यावर.

घासकाका:

वाटलंच. बघा, एका त्रिकोणाच्या वाट्याला १ किलो २०० ग्रॅम येतं. तीन टेकूंना सारखं ४००-४०० ग्रॅम मिळायचं तर छिद्र त्रिकोणाच्या गुरुत्वमध्यात हवं. म्हणजे पायापासून एक तृतीयांश उंचीवर. तुम्ही अर्ध्यावर पाडलंत म्हणजे आतला एकटा टेकू ६०० ग्रॅम उचलतोय आणि बाहेरचे दोघे ३००-३००. कावडीची गोष्ट आहे साधी. खांद्यावरची जागा एका बाजूला सरकली की एक घागर जड लागते.

१८ टेकूंसाठी माप सांगतो. आरशाची त्रिज्या २०३ धरा. आतले सहा ८३ मिमीवर, बाहेरचे बारा १६६ मिमीवर. म्हणजे प्रत्येक टेकूच्या वाट्याला सारखंच क्षेत्रफळ. त्रिकोणाचं छिद्र मध्यापासून १३४ मिमीवर येतं. कावडीच्या दोन छिद्रांमधलं अंतरही तेवढंच, १३४, कारण शेजारचे दोन त्रिकोण ६० अंशांवर असतात. कावड जिथे डोलते तो तिचा मध्य मध्यापासून ११६ मिमीवर, आणि तिथेच कोलिमेशनचे तीन बोल्ट. संगणकावर टेकूंच्या जागा काढणारा प्लॉप नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे, त्यात घातलंत तर बाहेरचं वर्तुळ तो थोडं आत ओढेल. त्याचं ऐका, पण १-२ मिमीसाठी झोप घालवू नका.

हे तुमच्या चपट्या ताऱ्याचं कारण नव्हे. चूक सगळ्या त्रिकोणांत सारखीच असल्याने तिची खूण गोलाकार पडते. तरी चूक ती चूकच.

तिरपांगडा:

काका, हे डोलणाऱ्या कावडींचं डोकं कुणाचं?

घासकाका:

आयर्लंडच्या टॉमस ग्रबचं नाव घेतात. १८३५ साली त्याने आर्मा वेधशाळेसाठी १५ इंची परावर्तक दुर्बीण बनवली, त्यात तरफांवर तरंगता आरसा होता. त्याचा आरसा काचेचा नव्हता, धातूचा होता. इंग्रजीतलं याचं नाव, व्हिफलट्री, घोडागाडीच्या सरंजामातून आलंय: दोन घोडे कमी-जास्त ओढत असले तरी जूपट्टी डोलून ओढ सारखी करते. आपल्याकडे कावड म्हटलं की पुढचं समजवावं लागत नाही.

निशाचरी:

तुलनेसाठी सांगते. नैनितालजवळच्या देवस्थळला २०१६ साली सुरू झालेल्या ३.६ मीटर दुर्बिणीचा आरसा फक्त १६५ मिमी जाड आहे. व्यास-जाडीचं गुणोत्तर जवळपास २२. रानतारा यांचं १६. तिथे पाठीला ६९ हवेच्या दाबाचे टेकू आहेत आणि संगणक रात्रभर त्यांचा जोर बदलत राहतो. आपल्याला हे फुकटात करायचंय, म्हणून कावडी.

रानतारा (तीन दिवसांनी):

काम सुरू केलं. सिलिकॉन सोडवणं हाच मोठा पराक्रम झाला. ब्लेड काचेच्या पाठीजवळ न्यायचं धाडस होईना. शेवटी मासे धरायच्या गळाचा तंगूस घेतला, दोन टोकांना काड्या बांधल्या आणि करवतीसारखा पुढेमागे ओढत एकेक थेंब कापला. एकेका थेंबाला पाच मिनिटं. अठरावा सुटला तेव्हा आरसा "टक्" असा किंचित आवाज करून टेकला. तो आवाज ऐकून कळलं की काच खरंच ताणलेली होती.

टेकूंवर आता टेफ्लॉनच्या टिकल्या आहेत, काहीच चिकटवलेलं नाही. खुंट्या जुन्याच ठेवून आकडे लिहिले आणि काकांनी सांगितल्याप्रमाणे परीक्षा घेतली. पुनर्वसू, ४० अंश. अधिकाचं चिन्ह निम्म्याने बारीक झालं होतं. आरसा ९० अंश फिरवला. वातीची दिशा हलली नाही! नळीला धरून जशीच्या तशी. डोकं फिरवलं, आयपीस फिरवला, तरी तीच. आरसा निर्दोष सुटला. त्या रात्री दीड वर्षाची झोप एकदम आली.

घासकाका:

बेस्ट. म्हणजे निम्मं पाप सिलिकॉनचं, उरलेलं खुंट्यांचं. झोळी करा.

आणखी एक. त्रिकोणांचे नट आवळून ठेवलेत का? बोटाने टोक दाबलं की त्रिकोण खुळखुळ्यासारखा डुलायला हवा. अडकला की १८ टेकूंचे तीनच उरतात.

रानतारा:

दोन त्रिकोण घट्ट होते. गावातल्या फॅब्रिकेटरने नट आवळून वर लॉकटाइट लावून दिलं होतं, "हलायला नको म्हणून". त्याला काय बोलणार, मीही तेच केलं होतं. सोडवले.

रानतारा (दहा दिवसांनी):

झोळी बसवली. क्लच वायर, टेफ्लॉन स्लीव्ह, पाठीपासून ११ मिमीवर. कडेवर पेन्सिलीने रेघ मारली होती, तार त्या रेघेवर आहे का हे टॉर्चने बघत टोकं वरखाली केली. खालच्या दोन्ही खुंट्या दोन मिमी मागे सरकवल्या, आता त्या फक्त पहारेकरी. आरसा त्यांना लागत नाही.

पुनर्वसू ४० अंशांवर: आत गोल, बाहेर गोल. अगस्त्य २० अंशांवर: हवेत उकळतोय, वरच्या बाजूला निळी कड, खाली लाल, पण वात नाही, बेरीज नाही. बायकोला पुन्हा बोलावलं. म्हणाली, "आता नुसताच तारा दिसतोय." मी म्हटलं, बरोबर, तेवढ्यासाठीच दीड वर्ष.

नवे त्रिकोण अजून पाडायचेत, १३४ च्या मापाने. ते रविवारी. एक शंका उरली: नळी पार आडवी करून परत वर आणली की आरसा तारेवरून किंचित डावीकडे सरकतो आणि कोलिमेशन जातं.

फॉगखालचा:

तारेची दोन टोकं एका उंचीवर नसतील, किंवा चौकटीत डावी-उजवी बाजू सारखी दूर नसेल. तारेचे वरचे भाग दोन्ही बाजूंनी सरळ उभे हवेत, आत किंवा बाहेर कललेले नकोत. ओळंबा लावून बघा. त्यानंतरही सरकला तर बाजूच्या ९० अंशांवर दोन्हीकडे एकेक नायलॉनचं बटण ठेवा, अर्धा मिमी मोकळं.

रानतारा:

ओळंबा लावला. डावीकडची तार तीन मिमी आत कललेली होती. सरळ केली, आता सरकत नाही.

घासकाका:

क्लिपा?

रानतारा:

काचेला लागत नाहीत. मधून पोस्टकार्ड जातं.